असेंबलर – संगणकातला आणि रेणूंचा: अवघड काय, सूचना की जागा?

सातवा_बिट

नमस्कार मंडळी. एका लेखाचे भाषांतर तपासायला आले होते. त्यात 'असेंबलर' हा शब्द रेणूंपासून वस्तू घडवणाऱ्या, अजून कल्पनेतच असलेल्या यंत्रासाठी होता. भाषांतरकाराने तो आपल्या प्रोग्रॅमिंगमधला असेंबलर (शब्दांत लिहिलेल्या सूचनांचे प्रोसेसरला कळणारे आकडे करणारा प्रोग्रॅम) समजून 'असेंब्ली भाषेतून रेणू तयार करतात' असे लिहून ठेवले होते. चूक दुरुस्त करायला बसलो आणि स्वतःच अडकलो. हे केवळ नामसाधर्म्य आहे की दोन्हीकडे खरेच काही सारखे आहे? माझ्या मते सारखे आहे, फक्त लोक बघतात त्या ठिकाणी नाही.

आधी ओळखीच्या असेंबलरकडे येतो. ८०८५ प्रोसेसरसाठी हा छोटा तुकडा बघा.

एमव्हीआय सी, ०ए
फेरी: डीसीआर सी
जेएनझेड फेरी
एचएलटी

सी रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या खणात) दहा, म्हणजे हेक्स या सोळा अंकांच्या पद्धतीत ०ए, ठेव, एक कमी कर, शून्य झाले नसेल तर 'फेरी'पाशी परत जा, शून्य झाले की थांब. हेक्समधल्या २००० या पत्त्यापासून मांडला तर याचे सात बाइट होतात: ०ई ०ए ०डी सी२ ०२ २० ७६. यातले ०ई, ०डी, सी२, ७६ तक्त्यात बघून मिळतात, ते कोणीही करील. खरी मेहनत '०२ २०' या जोडीत आहे. ती जोडी म्हणजे २००२ हा पत्ता, खालचा बाइट आधी लिहिलेला. मी कुठेही २००२ लिहिलेले नाही, मी 'फेरी' हे लेबल, म्हणजे जागेचे नाव, लिहिले आहे. पहिली सूचना दोन बाइट खाते, म्हणून दुसरी २००२ वर पडते, हे मोजले असेंबलरने.

लेबल पुढे असेल तर आणखी पंचाईत. 'तिकडे जा' ही सूचना येते तेव्हा 'तिकडे' कुठे आहे हे ठरलेलेच नसते. म्हणून असेंबलर प्रोग्रॅम दोनदा वाचतो. पहिल्या फेरीत नुसते बाइट मोजून प्रत्येक लेबलचा पत्ता सिम्बॉल टेबलमध्ये टिपतो, दुसऱ्या फेरीत खरे बाइट बाहेर काढतो. माझ्या दृष्टीने असेंबलरचे काम भाषांतराचे कमी आणि जागावाटपाचे जास्त आहे.

इतिहासही हेच सांगतो. कॅथलीन बूथ यांनी १९४७ मध्ये लंडनच्या बर्कबेक कॉलेजातल्या एआरसी यंत्रासाठी अशी सांकेतिक मांडणी केली. १९४९ मध्ये केंब्रिजच्या एडसॅक या संगणकावर डेव्हिड व्हीलर यांच्या अवघ्या ३१ सूचनांच्या प्रोग्रॅमने टेपवरची अक्षरे वाचून बायनरी सूचना बनवायला सुरुवात केली. बेरजेला ए, वजाबाकीला एस, अशी एकेक अक्षरे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत सबरुटीन (पुन्हा पुन्हा वापरायचा प्रोग्रॅमचा तुकडा) कुठेही ठेवले तरी त्यातले पत्ते आपोआप सरकवण्याची सोय आली. आणि १९५१ मध्ये विल्क्स, व्हीलर आणि गिल यांच्या पुस्तकात असेंबलर हा शब्द आला तो 'वेगवेगळ्या भागांचा मिळून एक प्रोग्रॅम जुळवणारा प्रोग्रॅम' या अर्थाने. म्हणजे मूळ अर्थ तुकडे जागेवर बसवण्याचाच.

आता रेणूंकडे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ च्या व्याख्यानात अणू एकेक करून हव्या त्या जागी ठेवता येतील का, हा प्रश्न मांडला. एरिक ड्रेक्सलर यांनी १९८१ च्या शोधनिबंधात आणि १९८६ च्या पुस्तकात त्याला यंत्राचे रूप दिले. त्यांचा असेंबलर म्हणजे क्रियाशील रेणूंना नेमक्या जागी धरून रासायनिक अभिक्रिया घडवणारा सूक्ष्म हात. कोणत्या टोकाने कोणता बंध घडवायचा याचा तक्ता तिथेही लागेल. पण तक्ता तयार झाला तरी कस लागणार तो जागेचाच. माझे म्हणणे एवढेच: दोन्हीकडे 'काय' सोपे, 'कुठे' अवघड. पटत नसेल तर जरूर खोडून काढा.

अवग्रह

+१. मांडणी आवडली, पण एक शंका. संगणकात जागा म्हणजे एक आकडा. २००२ म्हणजे २००२, तो थरथरत नाही. अणूची जागा थरथरते. या दोन 'जागा' एकाच मापाने मोजायच्या का?

जुना_हात

जागेबद्दल लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. मी हे काम हाताने केलंय. आमच्याकडे हेक्स कळपाटीचं ८०८५ किट होतं, असेंबलर नव्हता. कागदावर चार रकाने आखायचे: पत्ता, हेक्स, लेबल, सूचना. आधी सूचना लिहायच्या, मग बाजूला बाइट मोजत पत्ते टाकायचे, शेवटी उड्यांचे पत्ते भरायचे. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या दोन फेऱ्या आम्ही पेन्सिलने करायचो.

एकदा मधे एक आयएनएक्स एच राहिली. एका बाइटची सूचना. ती घातली, पुढचं सगळं एक घर सरकवून पुन्हा भरलं, पण एका उडीतला पत्ता बदलायचा राहिला. उडी २०५१ ला जायची आणि तिथे आता आधीच्या कॉल सूचनेचा शेवटचा बाइट येऊन बसला होता. ती सूचना होती सीडी ८० २०, कारण सबरुटीन लांब २०८० ला ठेवलेलं. म्हणजे प्रोसेसरला २०५१ वर मिळालं '२०'.

२० हा ८०८५ मध्ये आरआयएम या सूचनेचा ऑपकोड, म्हणजे तिचा आकडा आहे. पत्त्याचा तुकडा त्याने सूचना म्हणून चालवला. आरआयएम ॲक्युम्युलेटरमध्ये (हिशेबाच्या मुख्य रजिस्टरमध्ये) इंटरप्टची, म्हणजे मधेच येणाऱ्या व्यत्ययांची, स्थिती आणून टाकते, त्यामुळे ॲक्युम्युलेटरमधला माझा आकडा पुसला गेला. पुढे २०५२ पासून प्रोग्रॅम अगदी सुरळीत. अडकला नाही, भरकटला नाही, शेवटपर्यंत गेला आणि चुकीचं उत्तर दिलं. एकेक पायरी चालवत बसलो तेव्हा संध्याकाळी सापडलं. पहिल्यांदा खरा असेंबलर हातात आला आणि मधे सूचना घातल्यावर सगळे पत्ते आपोआप सरकलेले बघितले, त्या क्षणाचा आनंद अजून आठवतो. धागाकर्त्यांच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा.

पेशीकेंद्र

जुना_हात, तुमचा आरआयएमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला, कारण हे पेशीत घडते आणि आम्ही त्याला फ्रेमशिफ्ट (वाचायची चौकट सरकणे) म्हणतो.

रेणूंचा असेंबलर कल्पनेतच आहे असे वर लिहिले आहे. माझ्या मते एक चालू असेंबलर आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे, तो म्हणजे रायबोसोम. एमआरएनएची (जनुकाच्या कामचलाऊ प्रतीची) पट्टी तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि अमिनो आम्ले ओळीने जोडून प्रथिन बनवतो. असे तीन अक्षरांचे ६४ शब्द, म्हणजे कोडॉन, त्यातले एयूजी सुरुवातीचे, यूएए, यूएजी आणि यूजीए थांबण्याचे. जीवाणूत सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्ले जोडली जातात. याची रचना उलगडल्याबद्दल रामकृष्णन, स्टाइट्झ आणि योनाथ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण या असेंबलरला पत्ते नाहीत. एकामागून एक, इतकेच. आणि फ्रेम सरकली तर? क्रिक, ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये टी४ विषाणूवर हेच तपासले. एक अक्षर जास्त झाले की जनुक निकामी. दोन झाली तरी निकामी. तीन झाली की बरेचदा पुन्हा चालू! सूचना तीन अक्षरांची आहे हे त्यावरून कळले.

फरक बघा. ८०८५ मध्ये सूचना एक, दोन किंवा तीन बाइटच्या असतात, म्हणून तुमचा प्रोग्रॅम एका चुकीच्या बाइटनंतर आपोआप रुळावर आला. जनुकात सगळ्या सूचना तीनच अक्षरांच्या, त्यामुळे एकदा चौकट सरकली की ती सरकलेलीच राहते, वाटेत चुकून थांबण्याचे कोडॉन लागेपर्यंत.

सातवा_बिट

पेशीकेंद्र, सुंदर. मग तक्ता कुठे आहे? कोणत्या कोडॉनला कोणते अमिनो आम्ल, हे रायबोसोमला कुठून कळते?

पेशीकेंद्र

रायबोसोमला ते कळतच नाही, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. तो फक्त टीआरएनएची (अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या छोट्या रेणूची) तीन अक्षरे एमआरएनएच्या तीन अक्षरांशी जुळतात का ते बघतो. त्या टीआरएनएच्या शेपटीला कोणते अमिनो आम्ल लटकवायचे हे वेगळी विकरे आधीच ठरवून मोकळी झालेली असतात. तक्ता त्या विकरांत आहे.

१९६२ मध्ये शापव्हिल आणि सहकाऱ्यांनी हे फार देखण्या प्रयोगाने दाखवले. सिस्टीन लावलेला टीआरएनए घेतला आणि निकेलच्या साहाय्याने त्या सिस्टीनमधले गंधक काढून टाकले, त्याचे ॲलनिन झाले. टीआरएनए मात्र सिस्टीनचाच राहिला. रायबोसोमने सिस्टीनच्या जागी बिनदिक्कत ॲलनिन बसवले. त्याने लेबल पाहिले, माल पाहिला नाही.

बंधमुक्त

रसायनशास्त्राच्या बाजूने थोडे खोलात लिहितो, कारण 'कुठे अवघड, काय सोपे' हे अर्धेच खरे आहे.

आधी अवग्रह यांची शंका, म्हणजे थरथरण्याचा हिशेब. खोलीच्या तापमानाला प्रत्येक सूक्ष्म हात उष्णतेमुळे हलतो. किती हलेल हे त्याच्या ताठरपणावर ठरते. ताठरपणा १० न्यूटन प्रति मीटर असेल तर टोक साधारण ०.०२ नॅनोमीटरने हलेल. हाच हात शंभरपट लवचिक, म्हणजे ०.१ न्यूटन प्रति मीटरचा असेल तर ०.२ नॅनोमीटरने. हिऱ्यातल्या दोन कार्बनमधला बंध ०.१५४ नॅनोमीटरचा. म्हणजे ताठ हाताला नेमका अणू दिसेल, लवचिक हात शेजाऱ्याच्या घरात शिरेल. जागेचा प्रश्न आहे, पण तो सोडवता येणारा आहे. आयग्लर आणि श्वाइत्झर यांनी ३५ झेनॉन अणू निकेलच्या पृष्ठभागावर एकेक सरकवून आयबीएम ही अक्षरे लिहिली, १९९० मध्ये ते प्रसिद्ध झाले. थरथर आवरायला सगळे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवले होते, आणि झेनॉन हा कोणाशी सहसा न जुळणारा वायू, तो सरकवला तरी बंध तयार होत नाही.

आता 'काय'. रिचर्ड स्मॉली (फुलरीनच्या शोधासाठी १९९६ चे नोबेल) यांनी २००१ मध्ये ड्रेक्सलर यांच्या कल्पनेला दोन आक्षेप घेतले. एक, बोटे जाडी: अभिक्रिया होते त्या इवल्या जागेत आजूबाजूचे सगळे अणू आवरायचे तर अनेक बोटे लागतील, आणि तितक्या बोटांना तिथे जागाच नाही. दोन, बोटे चिकट: पकडलेला अणू बोटालाच चिकटून बसेल, सोडणार कसा? दोघांचा वाद २००३ च्या डिसेंबरमध्ये केमिकल अँड इंजिनिअरिंग न्यूजमध्ये छापून आला. ड्रेक्सलर यांचे उत्तर असे की बोटे लागतच नाहीत, विकरे आणि रायबोसोम बोटांशिवायच काम करतात. स्मॉली म्हणाले, ती पाण्यात चालतात, मग पाण्यात न होणाऱ्या गोष्टी तुम्ही कशा बनवणार?

मला दोघांचेही थोडे पटते. पण स्मॉली यांचा चिकट बोटाचा आक्षेप सरसकट टिकत नाही असे माझे मत. १९९९ मध्ये ली आणि हो यांनी कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू सूक्ष्मदर्शकाच्या सुईच्या टोकावर उचलून चांदीच्या पृष्ठभागावरच्या एका लोह अणूला जोडून दाखवला. तो सुटला, आणि हव्या त्या जागी जुळला. २००३ मध्ये ओयाबू आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या पृष्ठभागावरून एक अणू नुसत्या यांत्रिक स्पर्शाने काढून परत बसवला.

तरीही ८०८५ मधल्या ०डी या बाइटला शेजारी काय आहे याने फरक पडत नाही. अणूला पडतो. तुमच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ शेजाऱ्यांवर अवलंबून असेल तर तो तक्ता राहतोच कुठे?

सातवा_बिट

बंधमुक्त, मान्य. 'काय सोपे' हे माझे वाक्य रसायनात टिकत नाही. फक्त बारीकशी भर: संगणकातही सूचना कधी कधी शेजाऱ्यांवर अवलंबून असते. एक्स८६ (इंटेलच्या प्रोसेसरांचे कूळ) मध्ये उडी जवळची असेल तर दोन बाइट, लांबची असेल तर जास्त. जवळची की लांबची हे मधल्या सूचनांच्या लांबीवर ठरते, आणि त्यातही उड्या असू शकतात. एक वाढली की दुसरी १२७ बाइटच्या मर्यादेबाहेर ढकलली जाते. म्हणून काही असेंबलर आकार स्थिर होईपर्यंत फेऱ्या मारत राहतात. पण हे अणूंच्या तुलनेत किरकोळ, हे खरेच.

पहिली_ओळ

मी या विषयात नवीन आहे. रेणूंच्या असेंबलरची चर्चा निघाली की स्वतःच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांची भीती लगेच का येते? वस्तू बनवायच्या तर नुसत्या वस्तू बनवाव्यात, स्वतःला कशाला बनवायचे?

अवग्रह

चांगला प्रश्न. हिशेब करून बघू. १२ ग्रॅम कार्बनमध्ये ६ च्या पुढे २३ शून्ये इतके अणू असतात. एक असेंबलर सेकंदाला दहा लाख अणू बसवतो असे धरा, ही गती जबरदस्त आहे. तरी चमचाभर कार्बन रचायला साधारण १९०० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे. म्हणून एक असेंबलर काही कामाचा नाही, अब्जावधी हवेत. आणि अब्जावधी मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार. दर १००० सेकंदांनी दुप्पट झाले तर दहा तासांत ३६ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ६८०० कोटींहून जास्त. हाच आकडा आशेचा आणि हाच भीतीचा.

ही भीती मात्र आता जुन्या रूपात उरलेली नाही. ड्रेक्सलर आणि क्रिस फिनिक्स यांनी २००४ च्या निबंधात मांडले की सुटे फिरणारे, स्वतःच्या प्रती काढणारे असेंबलर लागतच नाहीत. एका जागी खिळलेली, कारखान्यासारखी रचना पुरेशी आहे आणि ती सुरक्षितही आहे.

जुना_हात

पहिली_ओळ, स्वतःला बनवणं आपल्या असेंबलरमध्येही आहे. असेंबलर असेंब्लीतच लिहिता येतो, मग तो स्वतःचाच सोर्स वाचून स्वतःचे बाइट काढतो. पहिला मात्र कोणाला तरी हाताने काढावा लागतो, माझ्यासारखा कागद-पेन्सिल घेऊन. फरक एवढाच की प्रत काढायला माल लागत नाही. मेमरी आधीच तिथे असते, आपण फक्त तिच्यात काय आहे ते बदलतो.

पेशीकेंद्र

आणि स्वतःला बनवायचे तर आराखड्याचा वापर दोनदा करावा लागतो, हे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी ओळखले होते. एकदा आराखडा वाचून यंत्र बनवायचे, दुसऱ्यांदा तोच आराखडा अर्थ न बघता नुसता उतरवून नव्या यंत्राला द्यायचा. डीएनएची रचना उलगडली १९५३ मध्ये, त्याच्या आधीची ही गोष्ट. पेशीत नेमके हेच होते. वाचायला रायबोसोम, उतरवायला वेगळे विकर. उतरवणाऱ्याची अचूकता वाचणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. रायबोसोम हजार ते दहा हजार जोडण्यांत एकदा चुकतो आणि ते चालून जाते, कारण बिघडलेले प्रथिन मोडून टाकता येते. डीएनएच्या प्रतीत दुरुस्ती धरून चूक अब्जात एखादी.

बंधमुक्त

चुकांबद्दल निघालेच आहे तर. असेंबलर चुकला की आपण सोर्स सुधारतो आणि पुन्हा चालवतो. हिऱ्यासारख्या घट्ट रचनेत एक अणू चुकीच्या जागी जुळला तर तो खोडता येत नाही, वर पुढचे थर चढत जातात. ड्रेक्सलर यांचा यावरचा युक्तिवाद मला अजूनही भक्कम वाटतो: बंध जुळतो किंवा जुळत नाही, अर्धवट जुळत नाही. म्हणजे बिटसारखेच. हात थोडा हलला तरी अणू शेवटी आपल्या घरातच जाऊन बसतो आणि ती छोटी चूक पुढे साठत नाही. सुतार एकेक मिलिमीटर चुकत गेला तर शेवटी दार बसत नाही, अणूंचे तसे होत नाही. जिथे तो थेट शेजारच्या घरात जातो तिथेच खरी चूक.

पहिली_ओळ

मग हाताशिवाय जागेवर बसवता येत नाही का? पेशीकेंद्र म्हणाले की रायबोसोमला पत्ते नाहीत. तरी प्रथिनाला नेमका आकार येतोच ना?

पेशीकेंद्र

येतो. साखळी बाहेर पडली की स्वतः घडी घालते. कुठला भाग कुठे जाणार हे साखळीच्या क्रमातच असते.

याहून सरळ उदाहरण डीएनए ओरिगामीचे. पॉल रॉथमंड यांनी २००६ मध्ये एका विषाणूचा सुमारे ७००० अक्षरांचा लांब धागा घेतला आणि दोनशेहून जास्त छोटे तुकडे बनवले. प्रत्येक तुकड्याचा अर्धा भाग लांब धाग्यावर एका ठिकाणी जुळेल, अर्धा दुसऱ्या ठिकाणी, असे क्रम निवडले. सगळे एकत्र करून ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले आणि दोनेक तासांत हळूहळू थंड केले. लांब धागा दुमडून सुमारे १०० नॅनोमीटरचे चौकोन, तारे, हसरे चेहरे तयार झाले. कोणीही काहीही धरून ठेवले नव्हते.

जुना_हात

म्हणजे प्रत्येक तुकडा स्वतःचं लेबल घेऊन फिरतो, आणि सिम्बॉल टेबल त्या लांब धाग्यातच आहे. पहिली फेरी संगणकावर झाली, क्रम निवडताना. दुसरी फेरी परीक्षानळीत.

सातवा_बिट

जुना_हात, हे वाक्य मी दहा वेळा वाचले. माझ्या मूळ मांडणीत एक गृहीतक लपले होते ते आता दिसले: जागा ठरवणारा कोणीतरी बाहेरचा हवा. एडसॅकपासून तसेच चालत आले आहे, ड्रेक्सलर यांच्या हातातही तेच आहे. ओरिगामीत जागा तुकड्याच्याच अंगावर लिहिलेली आहे.

बंधमुक्त

पण ओरिगामीला मऊ, पाण्यात राहणारे डीएनएच लागते. ताठ, घट्ट वस्तू असा क्रम अंगावर बाळगू शकत नाही. मधली वाट म्हणून मँचेस्टरच्या डेव्हिड ली यांचे २०१३ चे काम बघा. एका दांड्यावर तीन अमिनो आम्ले ओळीने अडकवली आणि दांड्यावरून सरकणाऱ्या कड्याने वाटेत लागेल तसे एकेक उचलून साखळीत जोडले. कडे पुढचा अडथळा काढल्याशिवाय सरकूच शकत नाही, त्यामुळे क्रम चुकत नाही. रायबोसोम सेकंदात करतो त्याला यात तासन्‌तास लागतात. पण माणसाने बनवलेला रेणू क्रम पाळून दुसरा रेणू जोडतो, हे त्यात झाले.

सातवा_बिट

सगळ्यांचे आभार. भाषांतरात प्रोग्रॅमसाठी 'असेंबलर' तसाच ठेवला आहे. रेणूंच्या यंत्राला 'रेणूजुळणी यंत्र' केले आहे आणि चुकलेले वाक्य असे बदलले आहे: 'हे यंत्र क्रियाशील रेणू नेमक्या जागी धरते आणि तिथेच बंध घडवते.' 'धरते' हा शब्द मुद्दाम ठेवला, ओरिगामीला तो लागू होत नाही म्हणून. ओरिगामीसाठी पुढच्या परिच्छेदात 'स्वयंजुळणी' वापरला आहे. याहून सरळ शब्द कोणाला सुचला तर कळवा, मजकूर परवा पाठवायचा आहे.